अंगणात माशांचं छोटं तळं करायचंय (मुलुंड)

सोनटक्का

नमस्कार. बरेच दिवस रोमात (म्हणजे काही न लिहिता नुसतं वाचत) राहून इथले बागकामाचे धागे वाचतेय, स्वतःचा धागा पहिल्यांदाच काढतेय.

आम्ही मुलुंड पूर्वेला एका जुन्या सोसायटीत तळमजल्यावर राहतो. मागच्या बाजूची साधारण पंधरा बाय वीस फुटांची जागा आमच्या वापरात आहे. कडेला दोन नारळ, एक देशी बदाम, तगर, सोनटक्का आणि कुंपणावर मधुमालती. मधला तुकडा मोकळा आहे. तिथे आठ फूट लांब, पाच फूट रुंद आणि अडीच फूट खोल असं तळं करावं असं मनात आहे. कमिटीकडून लेखी परवानगी घेतली आहे. त्यांच्या अटी दोनच: डास होता कामा नयेत आणि इमारतीच्या पायाकडे ओल जाता कामा नये. दोन्ही मला पटल्या.

आता प्रश्न. सिमेंटचं करू की प्लॅस्टिकचं? ओळखीचे मिस्त्री म्हणतात, विटांचं बांधकाम, आतून गिलावा, वर टाइल्स. त्यांनी आयुष्यभर पाण्याच्या टाक्याच बांधल्यात, त्यामुळे त्यांचं त्यांना सोपं वाटतं. गावी भावाच्या शेततळ्यात मात्र काळा कागद अंथरलाय आणि तो बरीच वर्षं टिकलाय.

दुसरं, नळाचं पाणी चालतं का? सोसायटीची बोअर आहे, फ्लशसाठी वापरतात, पाणी चवीला मचूळ आहे.

तिसरं, मासे कुठले? पाचवीतल्या मुलाला कोई हवेत. सासूबाईंना कमळ हवंय. मला पाण्याचा आवाज हवाय. हे सगळं एका तळ्यात बसतं का?

आणि पावसाळा. जोराची सर आली की आमच्या मागच्या अंगणात घोट्याएवढं पाणी तासभर उभं राहतं, मग ओसरतं. तेव्हा तळ्याचं काय करायचं?

अनुभवी मंडळींनी सविस्तर लिहिलं तर फार मदत होईल. काम उन्हाळ्याआधी सुरू करायचं आहे.

ओळंबा

सोनटक्का, तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेतो. मुंबईत तळं खणायचं तर मासे, कमळ, टाइल्स हे सगळं नंतर. पावसाचं पाणी कुठून येतं आणि कुठून जातं, ते पहिल्यांदा बघायचं.

मुंबईत पावसाळ्याच्या चार महिन्यांत सव्वादोन हजार मिमीच्या आसपास पाऊस पडतो. तुमचं तळं चाळीस चौरस फूट, म्हणजे ३.७ चौरस मीटर. १०० मिमी पाऊस झाला की नुसतं वरून पडलेलं पाणीच ३७० लिटर होतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिमी पडला होता. तसा दिवस पुन्हा आला तर त्या चाळीस चौरस फुटांवर साडेतीन हजार लिटर पाणी पडेल, आणि तुमच्या तळ्यात मावतं त्याहून कमी: शंभर घनफूट, घनफुटाला २८.३ लिटर, म्हणजे २८३० लिटर. तेव्हा जास्तीचं पाणी बाहेर काढणारा पाइप ही शोभेची गोष्ट नव्हे, तो आराखड्यात पहिल्या दिवशी पाहिजे. काठाच्या तीन इंच खाली दोन इंची पीव्हीसी पाइप, तोंडाला स्टीलची जाळी, आणि दुसरं टोक पावसाळी गटाराकडे. जाळी बारीक हवी नाहीतर पिल्लं वाहून जातात, पण मोठी गोल बांधा, कारण पानं अडकून बंद पडते.

पुढचं जास्त महत्त्वाचं. अंगणात घोट्याएवढं पाणी उभं राहतं म्हणताय, तर काठ जमिनीच्या पातळीवर ठेवूच नका. दीड फूट जमिनीत, एक फूट वर, असं करा. वरच्या फुटाला जांभ्याची किंवा विटांची भिंत. बसायलाही होते, अंगणातलं घाण पाणी आत येत नाही, लहान मूल धावता धावता आत पडत नाही. सोसायटीत लहान मुलं येत-जात असतील तर वरून सळयांची जाळी तरीही करा. पाच वर्षांखालच्या मुलाला फूटभर पाणीसुद्धा जिवावर बेतू शकतं.

इमारतीच्या भिंतीपासून सहा-आठ फूट लांब राहा. खणायच्या आधी गॅसची पाइपलाइन, ड्रेनेजची लाइन, विजेची केबल कुठून गेलीय ते सेक्रेटरींकडून विचारून घ्या. जुन्या सोसायट्यांत नकाशे सापडत नाहीत, म्हणून कडेने आधी हाताने चर खणून बघा.

सिमेंट की कागद: पहिल्यांदा करताय तर कागद. शेततळ्याला वापरतात तोच ५०० मायक्रॉन एचडीपीई (जाड प्लॅस्टिक). सिमेंटचं तळं चांगलं होतं, पण त्याला सळई, वॉटरप्रूफिंग, निदान दोन आठवडे पाणी मारणं हे सगळं मन लावून करणारा गवंडी लागतो. मुंबईची जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. एक केसाएवढी चीर गेली की गळती शोधण्यात वर्ष जातं. कागद जमिनीबरोबर हलतो.

कागदाचं माप: लांबी अधिक दोनदा खोली अधिक दोन फूट. तुमचं आठ + पाच + दोन = पंधरा. रुंदीला पाच + पाच + दोन = बारा. पंधरा बाय बाराचा एकसंध तुकडा घ्या, जोड नको.

एक गोष्ट लक्षात ठेवा, जुलै-ऑगस्टमध्ये तळं कधीही पूर्ण रिकामं करायचं नाही. तेव्हा जमीन पाण्याने भरलेली असते. आतलं पाणी काढलं की खालचं पाणी कागदाला वर उचलतं. सिमेंटच्या टाकीचा तळसुद्धा त्याने तडकतो.

जलतरंग

ओळंबांना अनुमोदन. मी बोरिवलीत राहतो, मासे पाळणं हे माझं जुनं वेड आहे, तर पाणी आणि माशांबद्दल लिहितो.

कोई नको. मुलाला आत्ताच समजावून सांगा. कोई दोन फुटांपर्यंत वाढतो, वीस-वीस वर्षं जगतो, त्याला निदान तीन-चार फूट खोली आणि याच्या कितीतरी पट पाणी लागतं. शिवाय तो कुंड्यांतली माती उकरतो आणि कमळाची कोवळी पानं खातो. सासूबाई आणि कोई एका तळ्यात नांदणार नाहीत. गोल्डफिश मूळचा थंड पाण्यातला. मे महिन्यात मुंबईत उथळ पाणी तिशीच्या वर गेलं की त्याचे हाल होतात.

तुमच्या तळ्याला गप्पी, प्लॅटी, मॉली, झेब्रा डॅनिओ. आणि मिळाला तर आपल्या कोकणातल्या ओहोळांत सापडणारा पँचॅक्स. वरून पाहिलं की डोक्यावर चांदीचा ठिपका चमकतो. पृष्ठभागालगत फिरतो आणि डासांच्या अळ्या मटकावतो. याच्यासारखा राखणदार नाही. पिल्लंही खातो, म्हणून गप्पींची संख्याही आटोक्यात राहते. कुर्ल्याच्या आणि क्रॉफर्ड मार्केटच्या माशांच्या दुकानांत विचारा.

पाणी. महापालिकेचं पाणी विहार, तुळशी, तानसा, वैतरणा, भातसा अशा तलावांतून येतं, जड नसतं, माशांना छान मानवतं. अडचण क्लोरीनची. पिंपात उघडं ठेवून एक दिवस हवेचा दगड (बुडबुडे सोडणारा एअरस्टोन) चालू ठेवला तर क्लोरीन उडतं, किंवा दुकानात अँटीक्लोरिन मिळतं (सोडियम थायोसल्फेट), त्याचे थेंब टाकायचे. बोअरचं मचूळ पाणी भरू नका. उन्हाळ्यात बाष्पीभवनाने पाणी उडतं आणि क्षार मागे राहतात, महिन्यागणिक पाणी खारट होत जातं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तळं भरल्यावर लगेच मासे सोडू नका. पाणी पिकू द्यावं लागतं. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो, तो विषारी. एका जातीचे जीवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारी. दुसऱ्या जातीचे त्याचं नायट्रेट करतात, ते झाडं खातात. हे जीवाणू नव्या तळ्यात नसतात. त्यांची वस्ती व्हायला चार-सहा आठवडे लागतात, आपल्या हवेत थोडं लवकर. चिमूटभर मत्स्यखाद्य रोज टाकत राहायचं आणि ओळखीत कुणाचा चालू फिल्टर असेल तर त्यातला स्पंजचा एक तुकडा आपल्या फिल्टरमध्ये ठेवायचा. अमोनियाच्या टेस्ट किटमध्ये थेंब टाकले की पाणी पिवळं राहिलं म्हणजे शून्य, हिरवट झालं म्हणजे अजून थांबा. पिवळं यायला लागलं आणि नायट्राइटही शून्यावर आलं की पाच-सहा मासे, मग दर पंधरवड्याला थोडे.

तळ्याचे मासे मरतात ते बहुतेक पहिल्या महिन्यात, आणि बहुतेक याच कारणाने. दुकानदार म्हणतो मासा कमजोर होता. मासा धडधाकट असतो, पाणी कच्चं असतं.

निवडुंग

डासांची बाजू लिहितो. नोकरीत असताना साथरोगांशी संबंधित काम बरीच वर्षं केलंय.

मुंबईच्या हवेत डास अंड्यातून उडण्याइतका व्हायला आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा तपासणी, हा ठोकताळा. पांढरी थाळी किंवा पांढरा मग घ्या, कडेचं पाणी अलगद उचला आणि उजेडात बघा. अळी पृष्ठभागाला समांतर आडवी तरंगत असेल तर ती ॲनाफिलीसची, हिवताप पसरवणाऱ्या डासाची. डोकं खाली करून तिरकी लटकत असेल तर एडिस किंवा क्युलेक्स. मुंबईत हिवताप पसरवणारा ॲनाफिलीस स्टीफेन्सी स्वच्छ पाण्यात, टाक्यांत, विहिरींत, कारंज्यांत वाढतो. १९११ साली सी. ए. बेंटली यांनी मुंबईतल्या हिवतापाच्या कारणांवर जो अहवाल दिला, त्यात बोट याच घरगुती विहिरींवर होतं. तेव्हा कमिटीची भीती अगदी रास्त आहे, आणि अळ्या सापडल्या तर महापालिका नोटीस देते हेही खरं.

मात्र मासे असलेल्या तळ्यात डास वाढत नाहीत. वाढतात ते तळ्याच्या भोवताली: कुंडीखालची ताटली, काठावर दुमडलेल्या कागदाच्या घडीत साचलेलं वाटीभर पाणी, फिल्टरच्या ड्रमचं झाकण, पाणी पिकवायला ठेवलेलं पिंप. तिथे मासा पोचत नाही. घड्यांत सिमेंट भरून टाका, पिंपावर मच्छरदाणीचं कापड बांधा. आणि पाणी पिकवण्याच्या त्या चार-सहा आठवड्यांत तळ्यात मासे नसतात, तो काळ सगळ्यात धोक्याचा. तेव्हा बीटीआय नावाचं जैविक अळीनाशक टाकता येतं, ते अळ्या मारतं, माशांना आणि झाडांना काही करत नाही.

गॅम्बुशिया हा डासांच्या अळ्या खाणारा मासा टाळा. १९२८ साली इटलीहून तो भारतात आणला, डासांवर काम करतो, पण दुसऱ्या माशांचे पंख तोडतो आणि बेडकांची अंडी खातो. बेडूक तुमच्या तळ्याचे मित्र आहेत.

गच्चीवाला

धागा वाचून उत्साह आला. आमच्याकडे अंगण नाही, पण गच्चीवर दहा बाय सहा फुटांची जागा आहे. दीड फूट खोल तळं बांधलं तर चालेल का? इमारत मजबूत आहे.

ओळंबा

नाही. कृपया करू नका. एक फूट उंचीचं पाणी दर चौरस मीटरला ३०० किलोच्या वर भार टाकतं. दीड फूट म्हणजे साडेचारशेच्या वर, त्यात भिंत आणि माती वेगळी. आपल्याकडची भारमानकं (आयएस ८७५, भाग २) घराच्या खोलीच्या स्लॅबसाठी चौरस मीटरला साधारण २०० किलो आणि वावर असलेल्या गच्चीसाठी १५० किलो धरतात. तुम्ही तिप्पट मागताय, तेही कायमस्वरूपी, आणि तीस-चाळीस वर्षं पावसात भिजलेल्या स्लॅबवर. इमारत दिसायला मजबूत असणं हा पुरावा नाही. स्ट्रक्चरल इंजिनिअरने कागदावर लिहून दिल्याशिवाय गच्चीवर तळ्याचा विचार नको.

हौस भागवायची तर तुळईच्या (बीमच्या) वर, कडेच्या भिंतीलगत सिमेंटची मोठी कुंडी किंवा जुनं दगडी डोणं ठेवा. शंभर-सव्वाशे लिटर, एक लिली, आठ-दहा गप्पी. तेवढ्यानेही गच्चीचं रूप पालटतं. वरून शेडनेट मात्र बांधा, कमी पाणी फार लवकर तापतं.

हिरवी_पाती

कमळाबद्दल. सोनटक्का, सासूबाईंना विचारा, कमळ हवंय की कुमुद. कमळाची पानं पाण्याच्या वर दांड्यावर उभी राहतात, पसारा मोठा, ऊन सहा तास तरी हवं. कुमुद, म्हणजे वॉटर लिली, पानं पाण्यावर पसरते, चार-पाच तासांच्या उन्हातही फुलते. आठ बाय पाचच्या तळ्याला कुमुद बरी. देवाला फूल वाहायचं असेल तर दोन्ही चालतात.

लावताना गांडूळखत, शेणखत घालू नका, ते पाण्यात उतरतं आणि पाणी हिरवं होतं. नुसती चिकट काळी माती, पसरट टोपलीत, वरून दोन इंच खडी, म्हणजे मासे माती उकरत नाहीत. टोपली आधी उथळ ठेवा, विटांवर, आणि पानं वाढतील तशी एकेक वीट काढा.

कडेच्या पायरीवर वेखंड, अळू, कर्दळ. आणि वाळा. वाळ्याची मुळं थेट पाण्यात सोडली तर नायट्रेट शोषून घेतात, आणि ती वाढतात केवढी! पाण्याखाली हायड्रिला, वॅलिसनेरिया. पाण्याचा निम्मा पृष्ठभाग पानांनी झाकला की शेवाळाला ऊन मिळत नाही.

जलपर्णी कुणी फुकट दिली तरी आणू नका. पवई तलावाची अवस्था आपण सगळ्यांनी बघितली आहे. एक रोप गटारात गेलं की ते कुठवर पोचेल सांगता येत नाही.

देशी बदामाच्या खाली तळं नको, पानगळ प्रचंड. पण वाळलेलं एखादं पान मुद्दाम पाण्यात टाका, त्यातला तपकिरी अर्क गप्पींना मानवतो. उरलेली पानं जाळ्याने काढत राहा. तळाशी कुजली की ऑक्सिजन खातात.

वाचनमात्र

बाकी सगळं ठीक, पण तळं ईशान्येलाच हवं ना? आमच्याकडे वडीलधारे तेच सांगतात.

हिरवी_पाती

ईशान्येला सकाळचं ऊन मिळतं आणि दुपारचं टळतं, तळ्याला नेमकं तेच हवं असतं. तुमच्याकडे ती बाजू मोकळी असेल तर जरूर करा. तिथे इमारतीची सावली असेल तर जिथे सकाळी चार-पाच तास ऊन येतं ती जागा घ्या, झाडं ऊन बघून फुलतात.

फ्यूज

पंपाबद्दल कुणी बोललं नाही, म्हणून लिहितो. पाण्यात वीज सोडताय, तर आधी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) बसवून घ्या. घरातल्या साध्या एमसीबीने (जास्त भार आला की पडणाऱ्या स्विचने) माणूस वाचत नाही, ती वायर वाचवते. अर्थिंग तपासून घ्या, जुन्या सोसायट्यांत बऱ्याचदा नुसती तिसरी पिन असते, मागे काही नसतं. प्लग पॉइंट भिंतीवर निदान तीन फूट उंच, झाकणाच्या पेटीत. तुमच्या अंगणात पाणी साचतं म्हणून हे दोनदा सांगतोय. हात पाण्यात घालायच्या आधी स्विच बंद, नेहमी.

पंपाची ताकद: तळ्यातलं सगळं पाणी दोन तासांत एकदा फिरायला हवं, म्हणजे तुम्हाला ताशी चौदाशे-पंधराशे लिटर. डब्यावर लिहिलेला आकडा शून्य उंचीचा असतो. तीन फूट वर चढवायचं तर २००० ते २५०० वाला घ्या.

जलतरंग

फिल्टर विकत घ्यायची गरज नाही. झाकणाचं शंभर लिटरचं निळं पिंप, पाणी खालून आत, वरून बाहेर. खाली जाड ब्रश किंवा स्पंज, वर भांडी घासायच्या प्लॅस्टिकच्या घासण्या भरा, पन्नास-साठ. त्या जाळीदार तारांवर जीवाणू बसतात. मात्र घासण्या धुताना नळाखाली धरू नका, क्लोरीनने वस्ती मरते. तळ्याचंच पाणी बादलीत घेऊन हलवून काढायच्या, आणि सगळ्या एकदम धुवायच्या नाहीत. ते बादलीतलं काळं पाणी झाडांना घाला. तुमच्या सोनटक्क्याला त्याच्यासारखं खत नाही.

सोनटक्का

सगळ्यांचे मनापासून आभार. धागा प्रिंट काढून मिस्त्रींना वाचून दाखवला. आधी नाराज होते, पण "दीड फूट खाली, एक फूट वर" ऐकल्यावर त्यांचा चेहरा खुलला, कारण वरची भिंत त्यांना बांधायला मिळाली.

काम आता बरंचसं झालंय. खाली फूटभरावर पिवळा मुरूम लागला, पहार मारून काढावा लागला. एक बाजू पायरीसारखी ठेवली आहे, नऊ इंच खोल, झाडांसाठी. काठाची पातळी मिस्त्रींनी पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने धरली. चारही कोपऱ्यांवर नळीतलं पाणी एका रेषेत येईपर्यंत ते एकेक विटेखालचा मसाला कमी-जास्त करत होते. मी म्हटलं, थोडा फरक राहिला तर काय बिघडतं? म्हणाले, "ताई, जमीन फसवते, पाणी फसवत नाही. एक बाजू अर्धा इंच वर राहिली तर कागद तेवढाच उघडा दिसेल आणि जन्मभर तुमची नजर तिथेच जाईल."

खड्ड्यात टोकदार दगड वेचून आधी दोन इंच वाळू, त्यावर जुन्या सतरंज्या आणि गोणपाट, मग कागद. उन्हात तासभर पसरून ठेवला तेव्हा मऊ झाला. कोपऱ्यात एकच मोठी घडी घातली, बारीक चुण्या पडू दिल्या नाहीत. पाणी भरता भरता कागद ओढत गेलो. काठावर जांभ्याच्या लाद्या दोन इंच आत झुकवून बसवल्या, घड्यांत निवडुंग यांनी सांगितल्याप्रमाणे सिमेंट भरलं.

प्रश्न: पाणी भरल्यापासून दोन आठवड्यांत वाटाण्याच्या आमटीसारखं हिरवं झालंय. सगळं काढून नव्याने भरू का?

जलतरंग

अजिबात नाही. हे होणारच. नवं पाणी, भरपूर ऊन, झाडं अजून लहान, खाऊ मोकळा. तरंगतं शेवाळ त्यावर तुटून पडतं. पाणी बदललंत तर नव्या पाण्यासोबत पुन्हा खाऊ येईल आणि पिकत आलेलं पाणी वाया जाईल. तळ्यावर तात्पुरती शेडनेट टाका, हायड्रिलाच्या जुड्या वाढवा, आणि थांबा. औषध घालून शेवाळ मारू नका, मेलेलं शेवाळ कुजताना सगळा ऑक्सिजन संपवतं.

अमोनिया किती येतोय?

सोनटक्का

पहिल्या आठवड्यात गडद हिरवा होता, आता पोपटी. नायट्राइट मात्र चढलंय. मुलगा रोज शाळेतून आल्यावर टेस्ट करतो आणि वहीत रंग लिहून ठेवतो. कोईचं नाव काढत नाही, पँचॅक्सचं वेड लागलंय.

जलतरंग

अगदी बरोबर चाललंय. अमोनिया खाली, नायट्राइट वर, म्हणजे पहिली वस्ती झाली, दुसरी होतेय. नायट्राइटही शून्यावर आलं की मासे आणा. पिशवी वीस मिनिटं तळ्यात तरंगत ठेवा, मग थोडं थोडं तळ्याचं पाणी पिशवीत घाला, आणि मासे जाळ्याने उचलून सोडा. दुकानाचं पाणी तळ्यात ओतू नका. त्याआधी शक्य असेल तर दोन आठवडे वेगळ्या टबात ठेवून बघा, पांढरे ठिपके, फाटके पंख असले तर तिथेच कळतं. खाद्य दोन-तीन मिनिटांत संपेल तेवढंच.

सोनटक्का

धागा वर काढतेय. पावसाळा सुरू होऊन महिना झाला. आठ गप्पी, सहा प्लॅटी, चार पँचॅक्स. पाणी जूनच्या आधीच नितळ झालं, तळाशी पडलेली खडी दिसते. परवाच्या मोठ्या पावसात अंगणात नेहमीसारखं पाणी भरलं, पण भिंत फूटभर वर असल्याने तळ्यात शिरलं नाही. जास्तीचं पाणी पाइपातून गेलं. दर दोन तासांनी छत्री घेऊन जाळीवरची पानं काढावी लागली, एवढंच.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करताना दिसतात, ऊन वर आलं की खाली जातात. आणि एक वंचक (बगळ्यासारखा पक्षी) रोज येऊन काठावर बसतो. सासूबाईंना त्याचं कौतुक आहे, पण एक प्लॅटी कमी झाली आहे.

जलतरंग

पहाटे मासे वर येतात ते ऑक्सिजन कमी पडतो म्हणून. झाडं दिवसा ऑक्सिजन सोडतात, रात्री तीही वापरतात, त्यामुळे पहाटे पातळी सगळ्यात कमी असते. त्यात गरम पाण्यात मुळातच कमी विरघळतो: वीस अंशांना लिटरमध्ये ९ मिलिग्रॅम, तीस अंशांना साडेसात. ढगाळ दिवस सलग आले की आणखी कमी. तुम्ही रात्री पंप बंद करता का? करत असाल तर करू नका, उलट रात्रीच जास्त गरज असते. पाणी थोडं उंचावरून पडू द्या, तुम्हाला हवा होता तो आवाजही मिळेल. वीज गेली तर मगने पाणी उचलून वरून ओतत राहा, तेवढ्यानेही भागतं.

निवडुंग

वंचक यायचाच. पावसाळ्यात त्याला पिल्लं भरवायची असतात. त्याला हुसकावू नका, माशांना लपायला जागा द्या. खापराचे जुने पाइप किंवा फुटकी माठं तळाशी आडवी ठेवा, वर लिलीची पानं दाट होऊ द्या. तो पाण्यात उभा राहून शिकार करतो, म्हणून झाडांच्या नऊ इंची पायरीवर वेखंड इतकं दाट लावा की पाय ठेवायला जागा उरू नये. तरी फारच त्रास झाला तर काठापासून सहा इंच उंचीवर मासेमारीचा बारीक दोरा दोन पदरी ओढा.

आतून बाहेर यायला एखादी तिरकी फळी किंवा खडबडीत दगड ठेवलाय ना? नसेल तर आजच ठेवा. खार, बेडूक, मांजरीचं पिल्लू, कुणीही पडलं तर वर येता आलं पाहिजे. दिवड साप दिसला तर घाबरू नका, बिनविषारी आहे, बेडूक खाऊन निघून जातो.

वाचनमात्र

कासव ठेवता येईल का हो? आमच्या ओळखीत एकाकडे चांदणी कासव आहे, ते द्यायला तयार आहेत.

निवडुंग

नाही. चांदणी कासव जमिनीवरचं आहे, पाण्यात बुडून मरतं. शिवाय ते आणि आपली देशी पाणकासवं वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली येतात, घरी ठेवणं गुन्हा आहे. ओळखीच्यांना वनखात्याशी संपर्क साधायला सांगा. दुकानात मिळतं ते लाल कानपट्टीचं कासव परदेशी आहे, ताटाएवढं वाढतं, तुमचे मासे आणि लिली दोन्ही संपवतं, आणि मग लोक ते तलावात सोडतात.

सोनटक्का

जुनी दोन माठं तळाशी ठेवली, फळी लावली, पंप रात्रभर चालू. दोन दिवसांत पहाटेचं वर येणं थांबलं. वंचक कुंपणावर बसतो, खाली उतरत नाही.

नवी बातमी म्हणजे गप्पींची पिल्लं. वाळ्याच्या मुळांत हलताना दिसली, डोळे आणि शेपटी एवढंच. पँचॅक्स सगळी खाणार नाहीत असं वाटतं. पुढे जास्त झाली तर काय करायचं? शेजारचे काका म्हणाले, तलावात सोडून द्या.

जलतरंग

तलावात, नाल्यात, खाडीत कुठेही नको, राष्ट्रीय उद्यानातल्या ओहोळांत तर नकोच. गप्पी परदेशी आहे आणि महिन्याला पिल्लं देतो, देशी माशांची जागा घेतो. उज्जनीसारख्या धरणांत सकर मासा असाच कुणाकुणाच्या टाकीतून पोचला. जास्तीचे मासे ओळखीत द्या किंवा दुकानदाराला परत करा, बहुतेक जण घेतात. खाद्य कमी केलंत तर पिल्लांची संख्याही आपोआप कमी राहते.

गच्चीवाला

सोनटक्का, मी तुळईवर दगडी डोणं ठेवलं आहे, ओळंबा यांनी सांगितल्याप्रमाणे. पाणी पिकत ठेवलंय, वर मच्छरदाणी बांधली आहे. महिन्याने तुमच्याकडचे सहा गप्पी मिळतील का? मी ठाण्यात राहतो, येऊन घेऊन जाईन.

सोनटक्का

नक्की. नायट्राइट शून्यावर आलं की विपू करा (विचारपुशीत निरोप ठेवा). सोबत वेखंडाची दोन रोपं, वाळ्याचा एक ठोंब आणि आमच्या फिल्टरमधली एक घासणी देते. घासणी येताना ओली राहिली पाहिजे, झाकणाचा डबा आणा.